शेपटीवाल्यासाठी काळोख

वरचीवाडी, आरे
१२ जानेवारी १९८६

चि. लवू यास,

आशीर्वाद. मोठ्या बहिणीने तो द्यायचा असतो म्हणून दिला. बाकी चार वर्षं मी तुझ्याशी बोलत नाही आणि आजही बोलत नाहीये असंच समज. पण लवू, शेपटीवाला आलाय! बाबांचा शेपटीवाला! आणि मी तो तुझ्याआधी बघितला. लहानपणी पडवीत अंथरुणावर पडल्या पडल्या आपली पैज लागायची ना, कोण आधी बघणार म्हणून? मी जिंकले. हे तुला कळवल्याशिवाय दोन दिवस अन्न गोड लागेना, म्हणून हा कागद घेतला.

झालं असं, की शुक्रवारी दुपारी मी शिलाई मशीनवर बसले होते. लग्नसराईचे ब्लाउज मानगुटीवर आहेत. तेवढ्यात दारात स्कूटर फटफटली आणि एक चष्मेवाले गृहस्थ सड्याची वाट विचारायला लागले. रत्नागिरीच्या कॉलेजात शिकवतात, नेने सर म्हणतात त्यांना. मी म्हटलं, सड्यावर काय आहे, कातळ आणि करवंदीच्या जाळ्या. तर म्हणाले, "बाई, मला काळोख हवाय. महिनाभर किनाऱ्याने काळोख शोधत हिंडतोय."

मला वाटलं, याचं डोकं फिरलंय. पण पुढे ते म्हणाले, हॅलेचा धूमकेतू आलाय, शहात्तर वर्षांनी. आणि माझ्या हातातली कात्री खाली पडली.

१९१० चा तो हाच! बाबा पाच वर्षांचे, आज्याच्या खांद्यावर, आणि त्या आभाळात शेंडेनक्षत्र. किती वेळा ऐकली आपण ती गोष्ट. आणि शेवटी बाबांचं ते ठरलेलं वाक्य, "परत यायचा हाय तो. मी नसन तवा. तुमी दोगांनी बगा. एकट्यानं बगितलेला कुनाला खरा वाटत नाय."

मशीन तसंच टाकून मी सरांच्या पुढे सडा चढले. आमचे हे कामावरून यायची वेळ, पण यांना घरात चहासुद्धा ठेवला नव्हता. सर वाटेत दोनदा घसरले, पण दुर्बीण पोटाशी धरून, चष्मा गेला तरी चालेल अशा बेताने. सूर्य बुडाला, पश्चिमेला तांबूस उरलं, आणि सरांनी मला दुर्बीण कुठे धरायची ते दाखवलं. आधी नुसतंच आभाळ. मग एकदम दिसला. पिंजलेल्या कापसाचा बारकासा बोळा, एका बाजूने थोडा ओढल्यासारखा. मी ओरडलेच, "बाबा, आला!" सरांना वाटलं मी त्यांनाच हाक मारली.

आणि तेवढ्यात लागला तुझा दिवा.

खाली पंचायतीचा भिकाजी किल्ली घेऊन आला आणि रोजच्यासारखं खटका दाबून गेला. तो मर्क्युरी आधी जांभळा होतो, मग कुरकुरतो, मग पांढराफटक पेटतो. दुर्बिणीत बघते तर कापूस गायब, बारीक चांदण्या गायब, सगळं दुधाळ. सरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "रत्नागिरी तालुक्यातली सगळ्यात चांगली जागा आणि नेमका इथेच हा राक्षस कोणी लावला?"

मी म्हटलं, माझ्या भावाने.

मग त्यांना सगळं सांगावं लागलं. बाबांची होडी तू मला न विचारता जयगडला विकलीस आणि त्यातून हा दिवा लावलास, संगमरवरी पाटीसकट, 'कै. धाकू बाबाजी शिवलकर यांच्या स्मरणार्थ'. बाप अंथरुणावर असताना नोकरीवरची बोट सोडून येता आलं नाही, आणि तेराव्यानंतर येऊन डामडौल! हे मी तेव्हा तुझ्या तोंडावर बोलले होते, पाठीमागे नाही.

असो. सरांचा बेत ऐक. एप्रिलच्या अमावास्येला, म्हणजे पाडव्याच्या आदल्या रात्री, हा पाहुणा दक्षिणेला छान वर येणार आहे. त्या रात्री आपल्या सड्यावर जाहीर कार्यक्रम करायचा, मोठी दुर्बीण मांडायची, रत्नागिरीहून एस.टी. भरून माणसं आणायची. फक्त दिवा एक रात्र बंद हवा. मी गावकीच्या रावजी गावकरांकडे गेले तर ते म्हणाले, "बापाच्या नावाचा दिवा हाय. लवूनं लावलान. त्याच्या सबदाबिगर मी त्येला हात लावू देनार नाय."

म्हणून तुझा शब्द हवाय. दोन ओळी पुरेत, जास्त लिहू नकोस. हे पत्र बॅलार्ड पियरच्या तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर टाकतेय, ते पुढे पाठवतात म्हणे.

आणि पैज मी जिंकले, हे विसरू नकोस.

तुझी आक्का


१७ फेब्रुवारी १९८६

चि. लवू यास,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही. नसू दे. तुझ्या उत्तराची वाट बघत आभाळ थांबत नाही.

इथे काय काय झालं सांगते. सरांनी शाळेत पडदा लावून चित्रं दाखवली. सगळी वाडी लोटली होती. धूमकेतू सूर्याभोवती कसा फेरी मारतो ते त्यांनी नारळ आणि लिंबू घेऊन सांगितलं. कार्यक्रम छान झाला, पण चित्र संपल्यावर सोनूबाईकाकी उठली आणि म्हणाली, "शेंडेनक्षत्र दिसला की राजा मरतो." सर म्हणाले, "काकी, आता राजे कुठे राहिलेत?" तर म्हणाली, "मग सरपंच." सरपंच पुढच्या बाकावरच बसले होते. हसून हसून माझ्या पोटात दुखलं, पण सरपंच काही हसले नाहीत.

तिथेच गाडी अडली. अमावास्या, वर शेंडेनक्षत्र, आणि पाडव्याच्या तोंडावर दिवा मालवायचा! वर्षाची सुरुवात काळोखात? शिवाय त्या रात्री होड्या बाहेर असतात, पहाटेला खाडीच्या तोंडातून आत येतात. दिवा नसेल तर त्यांनी घोडखडक कसा चुकवायचा? हे शेवटचं कारण मला पटलं. बाकीची नाही.

मग गावकीने ठरवलं, देवीला कौल लावायचा. रावजींनी गाऱ्हाणं घातलं, सगळे होय महाराजा म्हणाले, गुरवाने पाषाणाला कळ्या लावल्या. प्रश्न काय विचारला? "अमावास्येला दिवा मालवायचा का?" डावी कळी पडली. मोडता. देवी नाही म्हणाली. सर बिचारे देवळाच्या पायरीवर चप्पल शोधायला लागले.

मी बाहेर बायकांत उभी होते. गावकीत बायका बोलत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण माझी जीभ तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, "गावकरांनू, देवीला काय मोडायचा ता विचारलात, काय करायचा ता विचारलातच नाय!"

मग मी आमच्या कंदिलांच्या पाळीचं काढलं. तुला आठवते ना पाळी? तुझा दिवा लागायच्या आधी अमावास्येच्या आसपास वाडीतल्या बायका कंदील घेऊन सड्याच्या टोकाला आळीपाळीने बसायच्या, होड्या आत येईपर्यंत. आई मला मांडीवर घेऊन बसायची. तिथेच तर बाबा वर आले की आम्हाला चांदण्या दाखवायचे. गप्पा, भाजलेले काजू, सासवांच्या कागाळ्या, सगळं तिथे व्हायचं. तुझा दिवा आला आणि पाळी गेली. आता बायका घरात बसतात. बाई दिव्याने सुटली असं तुम्हा पुरुषांना वाटलं असेल, आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, आपण देवीची राई राखतो की नाही? तिथली काटकीसुद्धा कोणी उचलत नाही. तसा अमावास्येचा काळोख राखू. होड्यांसाठी आम्ही पाळीला बसू. सरांच्या बॅटरीवर लाल कागद असतो, लाल उजेडाने आभाळ बघणाऱ्याचे डोळे बिघडत नाहीत. मी सगळ्या कंदिलांना लाल कापडाच्या टोप्या शिवीन. होड्यांना तांबडी रांग दिसेल, आभाळाला त्रास नाही.

सोनूबाईकाकी एकदम म्हणाली, "पाळी धरनार असाल तर मी येतंय." तीच, जिने सरपंचाला मारलं होतं!

मग रावजींनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, "अमावास्येला बायकांनी पाळी धरावी का?" आणि लवू, उजवी कळी अशी पडली की गुरवाच्या हातावरच आली. सर पायरीवरून धावत आत आले, त्यांना आधी काही कळलंच नाही.

तर देवीचा होकार मिळाला. पण रावजी अजून अडून बसलेत. म्हणतात, देवीने पाळी धरायला सांगितलंय, दिवा मालवायचा हक्क लवूचाच. तू सातासमुद्रापार बसून माझी वाट अडवतोस, पूर्वी दारात उभा राहून अडवायचास तशीच. लिही ना रे दोन ओळी.

आक्का


२२ मार्च १९८६

लवू,

तुझं मोंबासाचं पत्र काल आलं. पहिलं पान वाचून मी रागाने लाल झाले. डिसेंबरात! तू डिसेंबरातच बघितलास, तांबड्या समुद्रात, सेकंड मेट साहेबाच्या दुर्बिणीतून! आणि वर लिहितोस, "आक्का, पैज माझी." मला आधी न कळवता बघितलेला मोजायचा नाही. तू चार वर्षं पत्र टाकलं नाहीस ती तुझी चूक. पैज माझीच.

त्याच पानावर तुझा होकार. "तुझ्या मनात असेल तर मालव. मी कशाला अडवू?" मी रावजींना वाचून दाखवायला पदर खोचून निघालेही. उंबऱ्यातून परत फिरले, कारण दुसरं पान राहिलं होतं.

ते पान मी अजून कोणाला दाखवलेलं नाही. यांनासुद्धा नाही.

लवू, हे तू तेव्हा का बोलला नाहीस? मी इतकी ओरडत होते, तू नुसता पाटीचे स्क्रू पिळत राहिलास. मला वाटलं, गावात नाव व्हावं म्हणून लावलास. तू लिहितोस, बोट मुंबईला जाताना रत्नागिरीवरून जाते, किनारा सगळा काळाठिक्कर, दीपगृह सोडलं तर घर कुठे ते कळत नाही. बाबा गेले त्या आठवड्यात तू असाच इथून गेलास, पंधरा-वीस मैलांवरून, आणि कप्तानाने उतरू दिलं नाही. रात्रभर सुकाणूवर उभा राहून तू अंधारात घर शोधत होतास आणि ते सापडलं नाही. म्हणून दिवा. दीपगृहाच्या उत्तरेला, उंचावर, एकटा, निळसर पांढरा. "आक्का, वर्षातून दोन-तीनदा अर्धा तास तो मला दिसतो. तेवढंच घरी येणं होतं."

मी मशीनवर डोकं ठेवून रडले. खूप रडले. मग तुझाच राग आला, कारण एवढी गोष्ट चार वर्षं पोटात ठेवणारा माणूस आपल्या घराण्यात तूच एक निघालास.

आणि आता शेवटचं वाक्य. बोट आठ एप्रिलला सकाळी कोचीन सोडणार, म्हणजे नऊच्या मध्यरात्रीनंतर आपल्यासमोरून जाणार. तीच अमावास्या! तीच रात्र! तू दुर्बीण घेऊन उभा राहणार आणि मी तुझा दिवा मालवणार. तुला लिहिताना हे कळलं होतं. कळूनही तू "मालव" म्हणालास.

आता मी काय करू? होकार कमरेला खोचून हिंडतेय आणि वापरवत नाही. सरांच्या जाहिराती छापून झाल्यात, बस ठरल्यात, कंदिलांच्या टोप्या शिवून झाल्यात. मला नुसता विचार करूनच धाप लागतेय.

आक्का


१ एप्रिल १९८६

चि. लवू,

हे पत्र कोचीनच्या एजंटाकडे पाठवतेय. तुझ्या हाती पडेल की नाही देव जाणे, पण पडलं तर नीट वाच.

दिवा त्या रात्री बंद असेल. मी ठरवलंय. रावजींना तुझं पहिलं पान वाचून दाखवलं, दुसरं नाही. ते म्हणाले, मग खटका तूच दाब, रक्ताच्या माणसानं दाबायचा. दाबीन.

रागावू नकोस. मी आठ दिवस विचार केला. दिवा ठेवला तर तुला घर दिसेल, पण मला शेपटीवाला दिसणार नाही, आणि वाडीतल्या कोणालाच दिसणार नाही. बाबांनी काय सांगितलं होतं? दोघांनी बघा. आजवर तू एकट्याने बघितलास तांबड्या समुद्रात आणि मी एकटीने बघितला सड्यावर. ते काही खरं बघणं नव्हे. त्या रात्री मात्र तू समोर दर्यात असशील आणि मी सड्याच्या टोकाला, आणि तो आपल्या दोघांच्या डाव्या-उजव्या हाताला, एकाच दक्षिणेला. अशी वेळ आता शहात्तर वर्षं यायची नाही. आपण तर असणारच नाही तेव्हा.

म्हणून त्या रात्री दिवा शोधू नकोस. दीपगृह मागे टाकलंस की उत्तरेला जो अगदी काळा तुकडा दिसेल, तो आपला सडा. तिथे सगळी वाडी उभी असेल. तेवढं बघ आणि मग दक्षिणेला वर बघ. तुला त्याची जागा सांगायला नको, तू रोजच बघत असशील.

पण पत्र मिळालं नाही तर? तर तुला वाटेल, दिवा गेला, पंचायतीने वायर कापली, नाहीतर आक्काने रागाने फोडला. मी फोडलेला नाही हे लिहून ठेवते.

इथे धमाल चाललीय. भिकाजीला रोज स्वप्न पडतं की दिवा पुन्हा लागतच नाही. हे मिरकरवाड्याच्या कामावरून खास रजा काढणार आहेत, चहाची मोठी किटली यांच्याकडे. सोनूबाईकाकीने जुना कंदील घासून असा लखलखीत केलाय की मला त्याला टोपी घालायला जीवावर येतंय. सरांनी तर वजन उतरवलंय, ढगांची काळजी करून करून. मी सांगितलं, चैत्राच्या तोंडावर कसले ढग, तुम्ही जेवा.

आक्का


१० एप्रिल १९८६, पाडवा

चि. लवू,

गुढी उभारली, कडुनिंब खाल्ला आणि तशीच लिहायला बसले. डोळे तांबडे झालेत, अंगात कणकण आहे, पण झोपवत नाही. सगळं तुला सांगितल्याशिवाय झोपणारच नाही.

केवढी माणसं आली होती! रत्नागिरीहून दोन बस, चिपळूणहून एक, गणपतीपुळ्याला आलेले भाविक वाकडी वाट करून आले, आणि एक जण तर थेट मंडणगडहून, म्हातारीला पाठुंगळी घेऊन. सरांनी बसचे दिवे खालीच बंद करायला लावले. ड्रायव्हर कुरकुरला, पण मग वर येऊन सगळ्यात पुढे तोच बसला. कोणीतरी ट्रान्झिस्टर लावला तर त्याला बायकांनी असा झोडला की तो पहाटेपर्यंत बोललाच नाही.

मग खटका. भिकाजीने किल्ली माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवून उभा राहिला. मी बाबांच्या पाटीला हात लावला, 'बाबा, एक रात्र' म्हटलं आणि दाबला. दिवा गेला. आधी काहीच दिसेना, एक पोर रडायला लागलं. मग हळूहळू आभाळ वर यायला लागलं. खरं सांगते, मी हे विसरले होते. चार वर्षं डोक्यावर होतं आणि मी मान वर केली नव्हती. कातळावर आपली बोटं मोजता येतील एवढा चांदण्यांचा उजेड होता. गर्दीतून नुसता एक सुस्कारा निघाला, सगळ्यांचा मिळून. रावजी माझ्या शेजारी होते. म्हणाले, "ह्या सगळा हितंच होता?"

पाळीच्या बायका टोकाला ओळीने बसल्या, लाल टोप्यांचे कंदील पुढ्यात. काजू आले, कागाळ्या सुरू झाल्या. आईची आठवण आली.

आणि दोनच्या सुमाराला तो चांगला वर आला. दुर्बिणीची गरजच नाही. दक्षिणेला, रत्नागिरीच्या वरच्या अंगाला, फुंकर मारून धूसर केल्यासारखा, शेपूट आखूड, पण होता! होता रे! एक मुंबईकर म्हणाला, "एवढाच? पोस्टरवर शेपूट केवढं होतं." मी म्हटलं, तुमच्यासाठी रंगवून पाठवायला हवा होता. मंडणगडच्या म्हातारीने मात्र हात जोडले आणि म्हणाली, "लहानपनी मोठा होता. तोबी थकला असंल." सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला.

मी आनंदाने नाचत होते, लवू. खोटं नाही. पण माझी मान सारखी पश्चिमेला जात होती.

आणि मग दर्यावर, अगदी कडेला, एक बारीक उजेड दिसला. पिवळट, दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणारा. मोठी बोट. तुझीच असेल किंवा नसेलही, पण मी ठरवलं तुझीच. मला कळेना तुला पत्र मिळालं की नाही. तू तिथे दुर्बीण लावून उभा असशील आणि दीपगृहाच्या उत्तरेला नुसता काळोख. बाबा गेले त्या आठवड्यासारखाच. तू पुन्हा शोधत असशील आणि पुन्हा सापडत नसेल.

मला राहवलं नाही. मीच शिवलेली टोपी मीच कंदिलावरून उपटली, वात चढवली, आणि कंदील डोक्याच्या वर धरून दर्याकडे उभी राहिले.

मागून सर ओरडले, "कोण आहे ते? दिवा झाका! झाका आधी! लोकांचे डोळे जातील!" सगळी गर्दी माझ्यावर ओरडायला लागली. महिनाभर काळोख राखा म्हणून मीच घसा फोडला होता, आणि काळोख मोडला तो मीच.

सोनूबाईकाकी म्हणाली, "काय करतंस गो?"

मी म्हटलं, "काकी, लवू जातोय."

तिने एकदा दर्याकडे बघितलं. मग तिने आपली टोपी काढली. आणि सरांकडे वळून म्हणाली, "ओरडू नका वो मास्तर. तुमचा तारा शाहात्तर वर्सांनी येतो, आमचा पोर चार वर्सांनी जातोय. जरा डोळं मिटून घ्या."

मग राहीने काढली, मालनने काढली, सगळ्यांनी काढल्या. सड्याच्या टोकाला कंदिलांची रांग, बायका नऊवारी खोचून हात वर करून उभ्या. मागे कोणी ओरडेना. सर म्हणाले, "सगळ्यांनी डोळे झाका, थोडा वेळ," आणि स्वतः पहिले झाकले. हे किटली घेऊन तसेच उभे, डोळे मिटून. तो उजेड उत्तरेला डोंगराआड जाईपर्यंत आम्ही हात खाली केले नाहीत. माझा खांदा आजही वर होत नाही.

होड्या पहाटे सुखरूप आल्या. रघू तांडेल म्हणाला, तांबडी रांग होती ती मधेच पिवळी झाली, तेव्हा सगळ्यात बरं दिसलं.

आता पुढचं. गावकीने आज सकाळी गुढीखालीच ठरवलं, दर अमावास्येला दिवा बंद आणि पाळी सुरू. सर दर वेळी येणार म्हणतात. आणि दिव्यावर मी पत्र्याची टोपी करवून घेतेय, माप मीच घेतलं. वरून बंद, मागून बंद, दर्याच्या बाजूला मोकळी. आभाळ आभाळाचं, आणि समोरचा उजेड तुझा. सरांनी बराच वाद घातला, शेवटी कबूल झाले. बाबांची पाटी घासून स्वच्छ केलीय. होडीचं मला अजून वाईट वाटतं, पण त्याबद्दल तू येशील तेव्हा भांडू, पत्रात मजा येत नाही.

अमावास्येला इथून जाणार असलास तर आधी कळव. कंदील तयार ठेवू.

आणि एवढं एक लिही. तू वर बघितलास ना, त्याच वेळी? आणि आमचे कंदील दिसले का रे? सर म्हणतात, पंधरा मैलांवरून कंदील दिसणं शक्य नाही. सरांना आभाळातलं कळतं, आपल्या घरातलं नाही. दिसले नसले तरी दिसले म्हण.

तुझी
आक्का